दंडाच्या पावत्या आणि गाडीचा विमा



मी गाड्यांच्या विम्याची कामं करतो. मध्यंतरी राजारामपुरीतले एक ओळखीचे गृहस्थ पॉलिसीचं नूतनीकरण करायला आले. त्यांच्या एमएच-०९ पासिंगच्या मोटारीवर अकरा ई-चलान निघाली होती. दसरा चौकात सिग्नल तोडला, पट्टा लावला नाही, नको तिथं गाडी लावली. निम्म्या वेळी गाडी यांच्याकडं नव्हतीच, भाचा घेऊन फिरत होता. ‘‘एवढे दंड झाल्यावर आता विम्याचा हप्ता वाढणार काय हो?’’ असं त्यांनी विचारलं.

आज तरी तसं थेट होत नाही. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये ठरले. गाडी हाकणारा शांत असो की धसमुसळा, रक्कम तीच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. त्यात दावा न केल्याची सवलत मिळते, ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. दावा केला की ती जाते. दंडाशी तिचा संबंध नाही.

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या पोरांना विचाराल तर ती वेगळं सांगतील. तिथं लायसनवर दंडाचे गुण चढतात आणि विमा महागतो. आपल्याकडंही विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये अशीच शिफारस केली होती. दारू पिऊन गाडी चालवली तर १०० गुण, चुकीच्या जागी लावली तर १०, आणि त्या गुणांवर जादा हप्ता. सुरुवात दिल्लीत करावी असं सुचवलं होतं. हा हप्ता भरायचा कुणी, तर गाडीच्या नोंदणीकृत मालकानं. म्हणजे सिग्नल भाच्यानं तोडायचा आणि पैसे मामानं भरायचे! मला हे पुरतं पटत नाही. पण कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, त्याला इलाज काय?

तेव्हा हप्त्याची काळजी आज लहान आहे. मोठी काळजी अपघाताच्या दिवसाची. माझ्या माहितीतल्या एका शिक्षकांनी मुलाच्या मित्राला गाडी दिली. त्याच्याकडं लायसन नाही हे त्यांना ठाऊक होतं. ‘‘रंकाळ्यापर्यंत तर जातोय,’’ म्हणून किल्ली दिली. एका पादचाऱ्याला धडक बसली, त्याचा पाय कायमचा अधू झाला. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता. तरीही स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नामंजूर झाला. जखमीला कंपनीनं भरपाई दिली आणि नंतर तीच रक्कम या शिक्षकांकडून वसूल केली. पाचगावकडं घेऊन ठेवलेला प्लॉट त्यांना विकावा लागला.

कंपनीनं वेगळं काही केलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात हेच सांगितलं: जखमीला ताटकळत ठेवू नका, आधी पैसे द्या, मालकानं जाणूनबुजून अट मोडल्याचं सिद्ध झालं तर त्याच्याकडून वसूल करा. मला हा न्याय योग्य वाटतो. रस्त्यानं चालणाऱ्याचा त्यात काय दोष?

आता दंडाच्या पावत्यांचा संबंध इथं येतो. काही गुन्ह्यांत नुसता दंड होत नाही, लायसनही निलंबित होऊ शकतं. दुचाकीवर हेल्मेट नसेल तरी कायद्यात तीन महिन्यांच्या निलंबनाची तरतूद आहे. त्या काळात तोच माणूस तुमची मोटार घेऊन गेला आणि अपघात झाला, तर लायसन खिशात असूनही ते चालू नसतं. दारूचं तर विचारूच नका. पिऊन चालवणाऱ्याच्या गाडीची दुरुस्ती विम्यातून होत नाही, मग लायसन कितीही जुनं असो.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. दंड भरायचं त्यांनी कबूल केलं. मग मी विचारलं, ‘‘भाच्याचं लायसन शेवटचं कधी बघितलंत?’’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग मोबाइल काढून त्यांनी बहिणीला फोन लावला.