कळसूबाई : एका शिखराचे नाव



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात नवा शब्द आला की 'याचे घर कोणते?' असे विचारीत, असे मला येथे सांगण्यात आले. त्याच वाटेने आज एका शिखराच्या नावाचे घर शोधू.

उधन्याहून रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे ये-जा करणाऱ्या आपणांस सप्तशृंगगड परिचित आहे. त्याचे नाव रूपावरून आले : शिखरे सात, म्हणून सप्तशृंग. हाच न्याय लावून मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत असे की, १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर हा सह्याद्रीचा कळस. म्हणून ते कळसूबाई.

साठी ओलांडल्यावर अकोले तालुक्यातील बारी गावाकडून मी ते चढलो. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. वाटेत विसाव्याला बसलेल्या एका वृद्ध बाईंना मी माझी व्युत्पत्ती ऐकवली. त्या हसून म्हणाल्या, "कळस न्हाई बाबा, कळसू. आमचीच पोर व्हती ती."

कथा अशी. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, इतर पडेल ते काम करीन. एके दिवशी घरात पाहुणे आले आणि तिला भांडी घासावयास लावले. तिने ती घासली आणि ती डोंगरावर निघून गेली. पुन्हा उतरली नाही. तिने जेथे थाळे घासले, ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवितात. माथ्यावर तिचे लहानसे देऊळ आहे; नवरात्रात तेथे यात्रा भरते.

घरी परतल्यावर मी व्याकरणाकडे वळलो. शिवाई, तुकाई, सोमजाई अशी देवीची नावे आपल्याकडे 'आई'ने सिद्ध होतात. 'कळस'वरून देवता घडती, तर ती 'कळसाई' होणे अधिक स्वाभाविक होते. 'कळसू' मात्र गंगू, ठकू, साळू यांच्या पंक्तीतले, घरात हाक मारण्याचे नाव आहे. 'बाई' हा त्यावर मागाहून चढलेला मान. हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मी जाणतो. तथापि ज्या व्युत्पत्तीत ती मुलगीच नाहीशी होते, ती शिकविताना मी दुसरी बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवली नाही, ही माझी चूक होती.

या शाळेतील कित्येकांच्या आयांनी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे उभे केले असतील. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याला लोकांनी राजाचे नाव दिले नाही. आपली अट मोडल्यावर काम सोडून गेलेल्या एका मुलीचे दिले. मुलांना शिखराची उंची अवश्य पाठ करवा. त्याबरोबर कळसूची अटही सांगा.