साखर, वजन आणि हाडांची बळकटी

हाड जिवंत असते.
जुने हाड सतत झिजते,
आणि त्या जागी नवे भरत राहते.
साधारण तिशीपर्यंत झिजेपेक्षा भर जास्त असते.

अति साखरेने हे काम बिघडते.
हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन.
रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की ती कोलॅजनला चिकटते.
मग हाड ठिसूळ होते.
तपासणीत घनता चांगली दिसते, तरीही हाड मोडते.
टाइप 2 मधुमेहात नेमके हेच आढळते.

मुलांच्या हाती दुधाऐवजी गोड शीतपेय आले, की कॅल्शियमही हुकते.
तेही हाडे भरण्याच्या वयात.
सर्वांत मोठी चिंता हीच.

आता लठ्ठपणा.
वजनाच्या भाराने हाड घट्ट होते, हे काही अंशी खरे.
पण पोटाच्या आतली चरबी शरीरात सौम्य दाह चालू ठेवते.
त्या दाहाने झीज वाढते.
ड जीवनसत्त्वही चरबीत साठून राहते,
रक्तात कमी उरते.

म्हणून पुन्हा एकदा:
नुसती घनता म्हणजे बळकटी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत असलेली उत्तम.
चहा, बिस्किटे, सरबत, सारे यातच मोजायचे.
नाचणीची भाकरी, तीळ आणि दूध कॅल्शियम देतात.
रोजच्या भरभर चालण्याने हाडांना हवा तो ताण मिळतो.
वजन मात्र हळूहळू उतरवावे.
उपाशी राहून घाईने उतरवले, तर चरबीबरोबर हाडही झिजते.