विमान खाली उतरते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई विमानावर बोलणार, म्हणून काहीजणी हसल्या. हसा बापड्या! पण आपल्या वाशीमकडच्या कितीतरी आया आता नागपूरला जाऊन विमानात बसतात आणि लेकीच्या बाळंतपणाला बंगळूर गाठतात. विमान उतरू लागले, की मात्र डोळे मिटून देवाचा धावा सुरू!

खाली यायचे म्हणजे इंजिन बंद करायचे, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. चाके बाहेर काढली, पंखांचे पडदे खाली सोडले, की वाऱ्याचा अडथळा वाढतो व वेग घटू लागतो. म्हणून उतरतानाही इंजिनांना थोडा जोर ठेवावाच लागतो. शिवाय जेटचे इंजिन एकदा अगदी मंद केले, की पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद घेते. राखेखाली दडपलेला विस्तव एका फुंकरीने का पेटतो?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबसचे असेच झाले. इंजिने मंद राहिली आहेत, हे वेळेवर ध्यानात आले नाही. ताशी सुमारे २४५ किलोमीटर वेग हवा होता, तो १९६ च्या आसपास आला. शेवटी जोर दिला, पण तो यायच्या आतच विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ माणसांतली ९२ गेली. कुणाच्या लेकी, कुणाचे जावई!

जोर काढायचा तो अगदी शेवटी. जमीन वीस-तीस फुटांवर आली, की नाक किंचित वर उचलून दांडे हळूच मागे घ्यायचे. लवकर घेतले तर विमान दणकन आपटते. उशीर केला तर ते तरंगत राहते आणि धावपट्टी सरत जाते. एअरबसमध्ये तर त्या वेळी यंत्रच "रिटार्ड, रिटार्ड" असे बजावते. चाके टेकल्यावर मोठी घरघर होते, तिला भिऊ नका. इंजिने उलटी फिरत नाहीत. त्यांची हवा पुढच्या बाजूला वळवून वेग आवरतात.

आणि कधी विमान उतरता उतरता पुन्हा वर जाते. मागच्या खेपेस आमचे गेले, तेव्हा शेजारचे गृहस्थ वैमानिकावर भारीच चिडले. मी म्हटले, "भाऊ, वेग नि जोर जमला नसेल, तर वर जाणेच बरे. त्याला शिकवलेलेच तसे असते." ते गप्प बसले. वीस मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो.