छोटी लाइन, चार बाय आठच्या फळीवर

(मंडळाच्या गणेशोत्सवात, ग्वाल्हेर येथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयासमोर 'छंद' असं छापलं आहे. आमच्या घरी त्याला 'पसारा' म्हणतात. गेली चार वर्षं आमच्या मधल्या खोलीत चार फूट बाय आठ फुटांची प्लायवुडची फळी आहे आणि तिच्यावर आपल्या छोट्या लाइनचं एक स्टेशन उभं राहतं आहे.

ग्वाल्हेरकरांना छोट्या आगगाडीचं नवल सांगायला नको. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी आपण प्रत्येक पाहुण्याला दाखवून आणतो. पुण्याला गेलात तर कोथरूडात भाऊ जोशींनी उभं केलेलं लघु रेल्वे संग्रहालयही जरूर पाहा. पण माझं मन अडकलं ते खऱ्या छोट्या गाडीत. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. माधवराव महाराजांच्या काळात ही लाइन वाढत वाढत 1909 साली श्योपूरला पोचली. भिंड आणि शिवपुरीचे फाटे आपल्या डोळ्यांदेखत गेले. श्योपूरची सुमारे 199 किलोमीटरची लाइन तेवढी टिकली होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. आता त्या मार्गावर मोठी लाइन येते आहे. ती हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझे वडील त्या छोट्या लाइनवर नोकरीला होते आणि माझ्या लहानपणाची सहा वर्षं कैलारसच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनावर गेली. त्या जागेचा एकही फोटो आमच्याकडे नाही. म्हणून हा उद्योग.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. मी 1:76 हे प्रमाण धरलं. कारण साधं आहे. बाजारात 9 मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात आणि आपले दोन फूट या प्रमाणात 8 मिलिमीटर होतात. एका मिलिमीटरची लबाडी डोळ्यांना कळत नाही. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस 22 मिलिमीटरचा होतो आणि नऊ इंची वीट तीन मिलिमीटरची. सगळी श्योपूर लाइन मांडायची तर अडीच किलोमीटरांहून जास्त लांब खोली लागेल! माझी आठ फुटांची फळी म्हणजे खऱ्या जगातले जेमतेम 185 मीटर. म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे आधी ठरवावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच माझी फजिती झाली.

आता इमारती. नवशिका माणूस थेट पुठ्ठा कापायला घेतो. तसं करू नये. आधी कागदावर चारही बाजूंचं मापात चित्र काढावं. माप कुठून आणायचं? दारावरून. जुन्या इमारतीचं दार साधारण सात फुटांचं धरलं, की फोटोतल्या दाराशी ताडून भिंत, खिडकी, छप्पर सगळं मोजता येतं. माझ्याकडे फोटो नव्हता, पण त्या लाइनवरच्या दुसऱ्या स्टेशनांचे होते. भिंती दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या केल्या आणि आतून काड्यांचा आधार दिला, नाहीतर पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो. दगडाचे सांधे बोथट सुईने ओढले. आपल्याकडचा दगड एकरंगी नसतो, म्हणून प्रत्येक चिऱ्याला पिवळट, गुलाबी, राखी अशी थोडी थोडी वेगळी छटा दिली. शेडचे नालीदार पत्रे कसे केले सांगू? स्वयंपाकघरातली चपातीची चंदेरी फॉइल उवांच्या फणीवर ठेवून बोटाने दाबली. फणी नवी होती, काळजी नसावी.

इमारत नवी कोरी दिसली की खेळणं वाटते. तिच्यावर ऊन-पाऊस दिसायला हवा. काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी भिंतीवरून सोडावं आणि लगेच कापडाने टिपावं. सांध्यांत मळ राहतो, वर दगड उजळ राहतो. पन्हळीखाली ओघळ, उंबऱ्याशी घासलेला रंग, आणि रुळांच्या बाजूंना गंज. रुळांचा माथा मात्र पुसून लखलखीत ठेवावा, वीज तिथूनच इंजिनाला मिळते.

जमीन करायला आपल्या आरास समितीच्या पोरांना शिकवायला नको. थर्माकोल कापून उंचसखलपणा, वर कागदाच्या पट्ट्या आणि प्लास्टर. आमच्या मुरेना भागातलं बीहड करताना एक ध्यानात आलं. बीहड म्हणजे डोंगर नव्हे, ती पाण्याने खाल्लेली सपाट जमीन आहे. म्हणून ढीग रचायचे नाहीत, सपाट थर रचून त्यात घळी कोरायच्या. माती मी तिथलीच आणली. वाळवली, मलमलीतून गाळली, आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवलं. हे विसरू नका. मातीतले लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरीत गेले की मोटर संपली. मग पाण्यात फेविकोल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. साबणामुळे पाणी मातीवर गोळा न होता आत मुरतं. बाभळी तांब्याच्या तारांना पीळ देऊन केल्या, गवत सुतळीचं. चहाचा चोथा वाळवून खाली पसरला, तो पालापाचोळा झाला.

दोन वर्षांनी स्टेशन पुरं झालं. तिकीटखिडकी, घंटा, सिग्नल, पाण्याची टाकी, कडुलिंब. गाडीच्या टपावर माणसंही बसवली, कारण टपावर माणसं नसलेली श्योपूर गाडी कोणी ओळखलीच नसती! मग आईला बोलावलं. ती शहाऐंशी वर्षांची, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. खुर्ची ओढून बसली, भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता डोळे भरून येतील. ती म्हणाली, "छान केलंयस रे. पण आपलं घर कुठाय?"

मी गप्प. स्टेशनामागे चाळीस पावलांवर आमचं क्वार्टर होतं. मी ते गाळलं होतं. जागा नाही म्हणून नव्हे, मला ते आठवलंच नाही. माझं बालपण फलाटावर आणि तिचं सगळं तारुण्य त्या दोन खोल्यांत. दुपारची गाडी यायच्या वेळी डाळ कुकरविना शिजत असायची. विहिरीवरून दोन हंडे आणायची ती. रात्रीची ड्यूटी असली की वडिलांचा कंदील दिसेपर्यंत खिडकीशी बसायची. मला सिग्नलचा रंग आठवत होता, तिची खिडकी नाही.

मग फळीचा मागचा कोपरा उखडला. बीहडाचा एक कडा त्यात गेला, मला तो फार आवडायचा. या वेळी माप दारावरून काढलं नाही, आईने सांगितलं. "मी हात वर केला की फळी लागायची." त्यावरून छपराची उंची निघाली. चूल कुठे, तुळस कुठे, दोरी कुठून कुठे. दोरीवर सुती चिंधीचं एक लुगडं वाळत घातलं आहे. रंग तिने निवडला. खिडकी स्टेशनाकडे तोंड करून आहे. मी ती आधी उलट्या बाजूला केली होती, तिने तीही दुरुस्त करवली.

ज्यांना हे काम करावंसं वाटेल त्यांना माझं एवढंच सांगणं. रूळ आणि रंग बाजारात मिळतात. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी वही घेऊन बसा. आणि आपल्यापैकी कोणाकडे छोट्या लाइनचे, त्यातही स्टेशनामागच्या क्वार्टरांचे फोटो असतील, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा. फळीला अजून दोन फूट जोडायचा विचार आहे. घरी अद्याप सांगितलेलं नाही.

गणपती बाप्पा मोरया!