वेदनेचा पहारा

मागील पावसाळ्यांत माझ्या तळपायांत बाभळीचा कांटा मोडला, आणि तीन दिवस मला त्याचा पत्ताच नव्हता. चपलेवरील रक्ताचा डाग सुनेनें पाहिला तेव्हां कळलें. मधुमेहानें माझ्या पायांतील वेदनावाहक मज्जातंतु निकामी केले आहेत.

हे तंतु करितात तरी काय? त्यांचीं उघडीं टोंकें त्वचेंत पसरलेलीं असतात, व टोंकांवर सूक्ष्म दारें असतात. उष्णता सुमारें ४३ अंश सेंटिग्रेडच्या पलीकडे गेली कीं त्यांपैकीं एक दार उघडतें, विद्युद्भारित कण आंत शिरतात आणि विजेची लहर उठते. मिरचीही हेंच दार उघडते. म्हणूनच तिखटानें तोंड 'भाजतें'. १९९७ सालीं डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेनें हें दार ओळखलें. २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा आहे.

लहर पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून मेंदूकडे जाते. आवरण असलेले बारीक तंतु तिला सेकंदास ५ ते ३० मीटर वेगानें नेतात. अनावृत तंतूंचा वेग २ मीटरांच्या आंतच. म्हणून ठेंच लागतांच प्रथम तीव्र कळ येते, ठणका मागाहून.

आयुष्यभर मीं वेदनेस वैरीण मानिलें. ती गेल्यावर समजलें कीं ती पहारेकरीण होती. आतां रोज रात्रीं आरसा धरून मी तळवे पाहतों. तिचें काम डोळ्यांनीं करितों. मधुमेही श्रोत्यांनीं, पाय दुखत नाहींत म्हणून निश्चिंत राहूं नये, एवढीच विनंति.