बोअर मारण्याआधी खडकाला विचारा



अध्यक्षाने वर्षभरातल्या प्रगतीचा आढावा घ्यावा, दोन-चार चिंता व्यक्त कराव्यात आणि जेवणाची वेळ टळण्याआधी खाली बसावं, अशी आपल्या परिषदांची रीत आहे. आज आढाव्याला कात्री लावून एकाच विषयावर बोलायचं आहे: जमिनीवरून केलेलं चुंबकीय सर्वेक्षण आणि त्याच्या भरवशावर मारलेली बोअर. नकाशावरच्या तांबड्या डागावर बोट ठेवून ‘इथेच खणा’ म्हणणारे साहेब या सभागृहातल्या बहुतेकांनी पाहिले असतील. मॅग्नेटोमीटर मोजतो ते त्या बिंदूवरचं चुंबकीय क्षेत्र. तिथून खनिजापर्यंतचं अंतर माणसाने विचार करून कापायचं असतं, आणि या अंतरात भल्याभल्यांचा पैसा आणि अब्रू दोन्ही बुडालेली आहेत.

रशियातल्या कुर्स्क प्रांतात होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे अठराव्या शतकातच लक्षात आलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को विद्यापीठातले प्राध्यापक एर्न्स्ट लेइस्ट यांनी तिथे पद्धतशीर मोजणी केली आणि खाली लोखंड आहे, असं ठामपणे सांगितलं. कुर्स्कच्या झेम्स्त्वोने, म्हणजे तिथल्या प्रांतिक स्वराज्य संस्थेने, पैसे दिले. बोअर घेतल्या गेल्या. दोनशे मीटरच्या आसपास जाऊनही लोखंड लागेना. प्राध्यापकांची व्हायची तेवढी नाचक्की झाली. त्यांनी मात्र सुट्ट्यांमध्ये, पदरमोड करून, पुढे अनेक वर्षं मोजणी चालू ठेवली. १९१८ मध्ये ते वारले. क्रांतीनंतर इव्हान गुबकिन यांच्या देखरेखीखाली काम पुन्हा उभं राहिलं आणि ७ एप्रिल १९२३ रोजी श्चिग्रीजवळ १६७ मीटर खोलीवर लोहखनिज लागलं. आज कुर्स्क जगातल्या सर्वांत मोठ्या लोहखनिज क्षेत्रांपैकी एक आहे. लेइस्ट यांची सुई खरी होती. चुकली ती बोअर, आणि त्या चुकीची किंमत पंचवीस वर्षं.

दुसरं उदाहरण थॉमस एडिसनचं. नव्या बॅटरीसाठी त्याला निकेल हवं होतं. १९०१ च्या सुमारास तो कॅनडातल्या सडबरी भागात गेला आणि उभ्या पातळीत फिरणाऱ्या चुंबकसुईने जमीन धुंडाळू लागला. आज फॉल्कनब्रिज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी सुईने मान टाकली. एडिसनने तिथे खड्डा घ्यायला सुरुवात केली, पण पाण्याने भरलेली सरकती वाळू लागली आणि त्याने काम सोडून दिलं. नंतर इतरांनी त्याच परिसरात बोअर घेतल्या, धातुक सापडलं, आणि १९२८ मध्ये फॉल्कनब्रिज निकेल माइन्स ही कंपनी उभी राहिली. गंमत अशी, की निकेल ज्या पेंटलँडाइटमध्ये असतं ते खनिज सुईला फारसं हलवतच नाही. सुई हलली ती त्याच्या संगतीने राहणाऱ्या पिऱ्होटाइटमुळे. चुंबकीय सर्वेक्षणात बहुतेक वेळा हेच घडतं: जे हवं असतं त्याचा पत्ता त्याच्या सोबत्याकडून काढावा लागतो. हिऱ्याचा किंबरलाइट शोधताना हिरा दिसत नाही, किंबरलाइटमधला मॅग्नेटाइट दिसतो.

उपकरणांचा इतिहास थोडक्यात आटोपू. स्वीडनचे खाणवाले सतराव्या शतकातच होकायंत्र घेऊन लोखंड शोधत होते; १८७९ मध्ये रॉबर्ट थालेन यांनी त्या कसबाला गणिताची बैठक दिली. व्हिक्टर व्हॅकियर यांचा फ्लक्सगेट दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला वापरला गेला आणि युद्ध संपल्यावर विमानात बसून खनिजांच्या मागे लागला. १९५४ मध्ये पॅकार्ड आणि व्हेरियन यांनी प्रोटॉन मॅग्नेटोमीटरचं तत्त्व प्रसिद्ध केलं, आणि तिथून आपलं खरं काम सोपं झालं. त्याच्या सेन्सरमध्ये केरोसीनसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव असतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून त्यातले प्रोटॉन एका दिशेला वळवायचे, मग वीज बंद करायची. सुटलेले प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलत फिरतात आणि त्यांची वारंवारता क्षेत्राच्या ताकदीवर ठरते. कोकणात क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १,८३० फेरे. हा आकडा माणसाच्या कानाच्या टप्प्यातला आहे, हेडफोन लावला तर पृथ्वी चक्क ऐकू येते! सिझियमच्या बाष्पावर चालणारी आजची उपकरणं याहून कितीतरी बारीक मोजतात, तीही चालता चालता.

बारीक मोजता येतं म्हणून काम बारीक होतंच असं नाही. चुंबकीय क्षेत्र दिवसभर स्थिर नसतं. सूर्य वर आला की वातावरणाच्या वरच्या थरांतले विद्युतप्रवाह वाढतात आणि शांत दिवशीसुद्धा आकडा काही दहा नॅनोटेस्लांनी इकडेतिकडे होतो. सूर्य खवळला तर विचारूच नका. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आडव्या क्षेत्राची नोंद सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली होती. जगभरच्या अभ्यासकांना ते वादळ समजून घ्यायला कुलाब्याचीच नोंद आजही उपयोगी पडते. आपण ज्या अ‍ॅनोमलीवर पैसा लावतो, ती आसपासच्या क्षेत्राहून वेगळी उठणारी तफावत पुष्कळदा शंभर-दोनशे नॅनोटेस्लांचीही नसते.

कुलाब्याची पुढची हकीकत तरुण सर्वेक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला नेली. तिथली इमारत लोखंड टाळून, पोरबंदरच्या अचुंबकीय दगडात बांधली. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड तुटू नये. ट्राम धावायला लागली १९०७ मध्ये! संकट यायच्या आधी तीन वर्षं तयारी करणारे मूस, आणि विजेच्या तारेखाली उभं राहून रीडिंग घेणारे काही आजचे ठेकेदार. दोघे एकाच शास्त्राचे वारसदार आहेत, यावर विश्वास बसत नाही.

म्हणून शिस्त. एक मॅग्नेटोमीटर बेस स्टेशनवर सारखा चालू ठेवायचा आणि फिरत्या उपकरणाच्या आकड्यातून त्याची चढउतार वजा करायची. रेषा खडकाच्या पसरणीला काटकोनात आखायच्या. काटेरी तारेचं कुंपण, मोऱ्या, बोअरवेलचे केसिंग पाइप, उभी जीप यांपासून लांब राहायचं आणि टाळता आलं नाही तर वहीत तसं लिहायचं. सेन्सर धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको: पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, खिशातला मोबाइल, सेफ्टी पिन. बुटातली लोखंडी पट्टी तर हमखास विसरली जाते. या कामाला खरं तर खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेली जुन्या पद्धतीची कोल्हापुरी उत्तम, पण घोणस आणि बाभूळ दोन्ही असलेल्या रानात तसा सल्ला अध्यक्षाने देणं बरं नव्हे.

आता आपल्या भूमीकडे येऊ. इथे दोन अडचणी अशा आहेत, की परदेशी पुस्तकातली रीत जशीच्या तशी चालत नाही.

पहिली अडचण अक्षांशाची. स्वीडनमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सत्तर अंशांहून अधिक कलून जवळजवळ सरळ जमिनीत घुसतं. तिथे मॅग्नेटाइटचा साठा असेल तर आकड्याचा डोंगर बहुतांशी त्याच्या डोक्यावरच उभा राहतो. अलिबागला हा कल सुमारे २६ अंश आहे, आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे तो जवळपास शून्यावर येतो. आपल्याकडे त्याच साठ्याचा उंचवटा दक्षिणेला सरकतो, उत्तरेला खळगा पडतो, आणि साठा असतो दोघांच्या मधल्या उतारावर. विषुववृत्ताजवळ तर साठ्याच्या डोक्यावर खळगाच येतो. उंचवट्याच्या शिखरावर रिग उभी करणारा माणूस साठ्याच्या शेजारी खणतो. उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट खडकांची गत आणखी वाईट. क्षेत्र त्यांच्या लांबीच्या दिशेनेच वाहतं, त्यामुळे त्यांची प्रवर्तित अ‍ॅनोमली टोकं सोडली तर जवळजवळ पुसली जाते. कोकणातल्या उत्तर-दक्षिण डाइक आणि नंदुरबार-धुळे भागातल्या पूर्व-पश्चिमेच्या जवळ जाणाऱ्या दोनशेहून अधिक डाइक एकाच चष्म्यातून वाचता येत नाहीत, ते यामुळेच. भूजलाच्या कामात डाइक शोधणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे. संगणकातली ‘ध्रुवाकडे नेण्याची’ प्रक्रिया उंचवटा जागेवर आणते खरी, पण इतक्या कमी कलावर ती बिथरते आणि नकाशावर उत्तर-दक्षिण पट्टे उमटवते. ते पट्टे खडकाचे नसतात. त्यांना भूवैज्ञानिक रेषा समजून अहवालात नावं देण्याचा उत्साह आवरावा.

दुसरी अडचण आपल्या पायाखालचा काळा पत्थर. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला तेव्हाचं क्षेत्र त्याच्यात गोठून राहिलं आहे. हे गोठलेलं चुंबकत्व आजच्या क्षेत्राने निर्माण केलेल्या चुंबकत्वापेक्षा पुष्कळदा बलवान असतं, आणि त्याची दिशा वेगळीच असते. सह्याद्रीत खालचे बहुतेक थर उलट्या ध्रुवतेचे आहेत. महाबळेश्वरच्या बाजूला वरचे थर सुलट्या. १९५०च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी या खडकांचे नमुने मोजले आणि त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा निष्कर्ष १९५६ मध्ये मांडला. खंड सरकतात हे अनेकांना मान्य नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या डोंगरांनी जगाच्या भूविज्ञानाला एवढी मोठी साक्ष दिली, पण खनिज शोधणाऱ्याला तेच डोंगर छळतात. किल्लारीच्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खालचा पुरातन खडक लागला. कोयनेजवळ रासाटीला नऊशे मीटरहून जास्त जावं लागलं. इतक्या जाड आवरणाच्या आवाजातून तळाच्या खडकाची कुजबुज वेगळी काढायची, तर वरच्या प्रत्येक थराचं चुंबकत्व आधी माहीत हवं.

आणि जिथे बेसॉल्ट नाही, तिथे तरी तांबडा डाग म्हणजे खनिज का? गोव्याकडे पाहा. पट्टेदार लोहशिलेतला मॅग्नेटाइट पाण्याने आणि हवेने हेमॅटाइट झाला, सिलिका धुऊन गेली, आणि बाजारात किंमत असलेलं श्रीमंत धातुक तयार झालं. पण हेमॅटाइट मॅग्नेटाइटच्या मानाने अगदी कमी चुंबकित होतो. म्हणजे जिथे माल चांगला तिथे अ‍ॅनोमली मंद, आणि जिथे गरीब, न पिकलेली शिला तिथे ती जोरदार. गडचिरोलीच्या सुरजागडचं धातुकही मुख्यतः हेमॅटाइटच. तिथे तांबड्याच्या मागे धावणारा माणूस मालाला पाठ करून धावत असण्याची शक्यता असते. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजचं याहून निराळं. ब्राउनाइट सुईला फारसा जुमानत नाही. पण भूवैज्ञानिक फर्मर यांनी नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीहून वर्णन केलेलं व्रेडेनबर्गाइट जोरदार चुंबकीय आहे. एकाच पट्ट्यात एका खाणीत पद्धत चालते, दुसरीत नाही. ही गोष्ट खडक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

हवाई सर्वेक्षणाने हा प्रश्न सुटेल असं वाटणाऱ्यांनी थोडं थांबावं. २०१७ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण राष्ट्रीय पातळीवर हवाई भूभौतिक नकाशे करत आहे, हे काम मोठं आणि मोलाचं आहे. आता ड्रोनही आले आहेत. पण चुंबकीय अ‍ॅनोमली उंचीबरोबर झपाट्याने विरते. वरून एक दिसलेला डाग जमिनीवर दहा-वीस मीटरवर पावलं टाकत मोजला की तीन निघतात. शेवटी पायी चालणारा माणूस लागतोच, आणि त्याला खडक ओळखता यावा लागतो.

त्याला खडक ओळखायला शिकवण्याचं साहित्य आपल्याकडे पडून आहे, फक्त पत्र्याच्या शेडमध्ये. जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या बोअरचे कोअर बॉक्स रचून ठेवलेले आहेत. खडक किती सहज चुंबकित होतो ते मोजणारा ससेप्टिबिलिटी मीटर तळहातावर मावतो, आणि एका पेटीचं काम एका चहाच्या वेळात होतं. गोठलेलं चुंबकत्व मोजायला दिशा नोंदवलेले नमुने आणि प्रयोगशाळा लागते. त्यासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेललाच आहे.

म्हणून विद्यापीठांतल्या विभागप्रमुखांना, भूजल आणि खनिकर्म खात्यांतल्या सहकाऱ्यांना, खाणमालकांच्या भूवैज्ञानिकांना विनंती आहे. या परिषदेहून परत गेल्यावर आपापल्या शेडचं कुलूप उघडा, कोअर मोजा, आणि ते आकडे अहवालाच्या परिशिष्टात छापा. ज्या बोअरमध्ये काहीच लागलं नाही, तिचेही छापा; बेस स्टेशनच्या नोंदी त्यांच्याबरोबर जोडा. पुढच्या अधिवेशनात या आकड्यांसाठी एक पूर्ण सत्र राखून ठेवावं, असा ठराव आज दुपारी सभेपुढे येणार आहे. त्याला आपण पाठिंबा द्यावा.