बँक बुडाली, आता पुढे?
अकोल्याच्या जठारपेठेतल्या ओट्यांवर बँकेचा विषय निघाला की मलकापूरचं नाव आपसूक येतं. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि जुलै २०२३ मध्ये परवानाच रद्द केला.

अशा वेळी ठेवीदाराच्या पाठीशी ठेव विमा असतो. मर्यादा ५ लाख रुपये. फेब्रुवारी २०२० पर्यंत ती अवघी १ लाख होती. हप्ता बँक भरते, तुम्ही नाही. पण हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखांतली एका नावाची खाती एकत्र धरून. अकोल्यात एक, अमरावतीत दुसरी मुदत ठेव ठेवून दुप्पट संरक्षण मिळत नाही! नवराबायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे.

५ लाखांवरची रक्कम? तिथं अवसायक येतो. तो कर्जं वसूल करतो, मालमत्ता विकतो, मग आलेले पैसे घेणेकऱ्यांना वाटतो. वर्षं जातात. भागधारक रांगेत शेवटी. आणि कर्जदारांनो, बँक बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही, हप्ते भरावेच लागतात.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाहीच. जास्त व्याजाची पाटी पाहून आत शिरण्याआधी ती बँक आहे की पतसंस्था, हे काउंटरवर सरळ विचारा.